पेटीभर जुने फोटो: कुठले ठेवायचे, कुठले फाडायचे

आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आईबाबांचा फ्लॅट रिकामा करायला मला नि भावाला दोन महिने मिळाले. भांडी, गाद्या, पुस्तकं सगळं पंधरा दिवसांत मार्गी लागलं, पण माळ्यावरून एक पत्र्याची पेटी, दोन सूटकेसी, सात अल्बम आणि साडीच्या दुकानाच्या पिशव्यांमध्ये कोंबलेली फोटो लॅबची पाकिटं निघाली, त्यांच्यापाशी गाडी अडली ती अडलीच. मोजले तर २१०० च्या वर फोटो. भाऊ म्हणाला सगळे ठेवू, मी म्हटलं कुठे ठेवू, तुझ्या वन बीएचकेत की माझ्या? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी सहा आठवडे दर शनिवार-रविवार बसून ३४० ठेवले, बाकीचे गेले, आणि आजपर्यंत गेलेल्यांपैकी एकाचीही आठवण आलेली नाही. एका गोष्टीची हळहळ आहे पण तो फोटो नव्हताच, ते पुढे सांगते.

पहिलं काम फाडणं नाही, फोन करणं आहे. घराण्यातलं सगळ्यात म्हातारं आणि डोकं शाबूत असलेलं माणूस कोण ते बघा, आमच्याकडे आत्या, वय ८६, गुडघे गेलेत पण कुणाच्या लग्नात कुणी कुणाला काय आहेर केला ते पाठ. तिला आधी बसवायचं. आपल्याला वाटतं आधी निवडू आणि मग उरलेले दाखवू, पण ते उलटं आहे, कारण आपण ज्याला "कोण हा म्हातारा" म्हणून बाजूला टाकतो तो आपल्या पणजोबांचा एकुलता एक फोटो असू शकतो आणि ते सांगणारं माणूस एकच उरलेलं असतं. आत्या बदलापूरला असते, मी एक पिशवी घेऊन जायचे, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून फोन टेबलावर ठेवायचा आणि फोटो एकेक हातात द्यायचा. प्रत्येक फोटोच्या मागे आधीच पेन्सिलीने नंबर टाकून ठेवला होता आणि देताना तो नंबर मोठ्याने बोलायचे, "त्रेचाळीस", म्हणजे नंतर ऐकताना कुठल्या फोटोबद्दल बोलतेय ते कळतं. हे पहिल्या वेळी केलं नव्हतं, दीड तासाचं रेकॉर्डिंग झालं आणि त्यात नुसतं "अगं ही तर आपली ती" एवढंच. एका वेळी साठ-सत्तर फोटो पुरे, त्यापुढे म्हातारी माणसं दमतात किंवा एखाद्या फोटोवर अडकून रडायला लागतात, मग चहा करायचा आणि त्या दिवसापुरतं बंद.

लांब राहणारे नातेवाईक असतील तर फॅमिली ग्रुपवर रोज एकच फोटो टाका. एकदम चाळीस टाकलेत तर सगळे हात जोडलेले इमोजी टाकून मोकळे होतात, नाव एकही मिळत नाही. आणि एखादं नाव मुद्दाम चुकीचं लिहा, मग बघा चुलत मावशी कशी लगेच येते सुधारायला.

आता निवड. बहुतेक लोक माणसांप्रमाणे गठ्ठे करतात, आईचे, बाबांचे, माझे, दादाचे. नका करू. एका फोटोत सहा माणसं असतात, तो कुठल्या गठ्ठ्यात टाकणार? पाकिटाप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे ठेवा, जसे मिळाले तसे, म्हणजे एका रोलचे छत्तीस फोटो एकत्र राहतात आणि एकाची तारीख कळली की बाकीच्या पस्तीसांची आपोआप कळते. मी चपलांचे चार रिकामे खोके घेतले होते. एक ठेवायचे, एक स्कॅन करून जाऊ द्यायचे, एक सरळ जायचे आणि चौथा विचारायचे. चौथा खोका नसेल तर तुम्ही पहिल्या तासातच अडकणार, लिहून घ्या.

सरळ जाणारे आधी काढा, त्याने हात मोकळा होतो. एकाच पोझचे चार असतील तर एक ठेवून तीन बाहेर. मित्रमंडळींना वाटायला म्हणून डबल-तिबल कॉप्या काढलेल्या असतात त्या बाहेर. माणूस नसलेले निसर्गाचे फोटो बाहेर, आमच्या बाबांनी १९९१ च्या काश्मीर... नाही, काश्मीर रद्द होऊन उटीला गेलो होतो, त्या उटीच्या ट्रीपमध्ये तळ्याचे अकरा फोटो काढलेत, अकराही धुक्यात. प्राणिसंग्रहालयातला वाघ, चालत्या गाडीतून काढलेला घाट, आकाशातलं विमान म्हणजे एक ठिपका, दिवाळीतल्या फटाक्यांचे काळे फोटो, सगळं बाहेर. कुठल्याही देवळाचा नुसता कळस असेल तर तोही बाहेर, ते देऊळ तिथेच आहे आणि तुमच्यापेक्षा चांगले फोटो लोकांनी काढलेत. देवाच्या फोटोला हात लावायला जीव होत नाही म्हणणारे असतात घरात, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, तेवढे त्यांच्या हवाली करा.

पण इथे एक गंमत सांगते, जी मला चौथ्या रविवारी कळली आणि मग आधीचे तीन खोके परत उपसावे लागले. रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि ते पुरवून पुरवून वापरायचे, गणपतीला दहा, वाढदिवसाला आठ, मग उरलेले दोन-तीन पडून राहायचे आणि रोल धुवायला द्यायचा म्हणून बाबा कसलेही फोटो काढून तो संपवायचे. आई ओट्याशी पंपाचा स्टोव्ह पेटवतेय. शटरचा टीव्ही आणि वर विणलेला रुमाल. गॅलरीत वाळत घातलेले कपडे नि मागे भाताची खाचरं, जिथे आता तीन टॉवर आहेत. शेजारचा मुलगा सायकलवर, अर्धा फ्रेमबाहेर. त्या वेळी हे वाया गेलेले फोटो होते, अल्बममध्ये एकही लागला नाही, पाकिटातच राहिले. आणि आज २१०० मधून घर दिसतं ते फक्त याच वीस-पंचवीस फोटोंत. अल्बममध्ये लावलेल्या फोटोंत आम्ही सगळे ओळीत उभे, हात सरळ, मागे पडदा. आपलं घर कसं होतं ते त्यात कुठेच नाही.

म्हणून माझा नियम असा झाला की माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्याच्या मागे काय आहे ते बघायचं. मागे स्वयंपाकघर, चाळीचा जिना, दुकानाची पाटी, रस्ता, गोठा, विहीर, कुणाचं तरी स्कूटर असं काही असेल तर फोटो हलला असला, डोळे मिटलेले असले तरी ठेवा. मागे पडदा, हॉलची भिंत किंवा आभाळ असेल तर कडक व्हा. माणूस काम करताना दिसतो असे फोटो तर शोधून ठेवा, फार कमी असतात. आजी पापड लाटतेय असा आमच्याकडे एकच आहे आणि त्यात आजीचं डोकं कापलं गेलंय, तरी तो पहिल्या खोक्यात. एखाद्या माणसाचा तो एकमेव फोटो असेल तर कसाही असो, ठेवायचा.

लग्नाचे अल्बम हा वेगळाच वैताग. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही मराठी लग्नात निम्मे फोटो आहेराचे असतात, नवरानवरी खुर्च्यांसमोर उभी, कुणीतरी पाकीट किंवा स्टीलचं भांडं देतंय, सगळे फोटोग्राफरकडे बघतायत, परत पुढचे. काकाच्या लग्नात असे १४२ आहेत. पहिली प्रतिक्रिया फेकून द्या अशीच होती, पण आत्याने एकेकाला ओळखायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की अख्ख्या गोतावळ्याची ही हजेरी आहे, त्या दिवशी कोण कोण जिवंत होतं, कुणाचं कुणाशी बोलणं होतं, कुणाच्या कडेवर कोण होतं, सगळं. मग मी काय केलं, सगळे १४२ स्कॅन केले, फाईलला नावं दिली आणि कागदावरचे फक्त १५ ठेवले, ज्यात दुसरीकडे कुठेच न दिसणारी माणसं आहेत. विधींमधले सप्तपदी, अंतरपाट, मंगळसूत्र, पाठवणी प्रत्येकी एक पुरे. मंडपाच्या बाहेरचे, पंगतीतले, आचारी दिसतात ते, हळदीला अंगणात काढलेले हे सगळे ठेवले. आणि हो, ज्यांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही अशी जुनी जोडपी घरात असतील तर लग्नाचे दोन-तीन स्पष्ट फोटो आणि पत्रिका वेगळी काढून कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, नोंदणी करायला गेलात तर कामाला येतात.

पेटीत एका जुन्या पाकिटात नऊ अनोळखी मुलींचे फोटो निघाले, सगळ्या स्टुडिओत, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, दोन वेण्या पुढे घेतलेल्या. आत्या बघून इतकी हसली की ठसका लागला. काकासाठी सांगून आलेली स्थळं. काहींच्या मागे शिक्षण, उंची, गोत्र, नाडी लिहिलेली, एकीच्या मागे "फोटो परत पाठवावा" असंही लिहिलंय आणि तो कुणी परत पाठवला नाही. हे तुमच्याकडेही निघणार, घराघरात आहेत. याचं काय करायचं तर ते आपले नाहीत, ग्रुपवर टाकून हसायचे तर अजिबात नाहीत, त्या बायका आज सत्तरीच्या असतील. आठ जणींची मागची माहिती आणि चेहरा मी दोन्ही कापून टाकले. नववीला आत्या ओळखत होती, तिच्या घरी फोन करून विचारलं, तिच्या सुनेने येऊन फोटो नेला आणि पेढे दिले.

तसाच दुसरा नाजूक गठ्ठा म्हणजे गेलेल्या माणसाचे शेवटचे फोटो, तिरडीवरचे, हार घातलेले. पूर्वी सर्रास काढायचे, कारण कधी कधी त्या माणसाचा दुसरा फोटोच नसायचा. हे एकट्याने ठरवू नका. मी एका पाकिटात घालून बंद केलं, वर काय आहे ते लिहिलं आणि सगळ्या चुलत भावंडांना विचारलं. दोघांनी नको म्हटलं, एकाला हवे होते, त्याला दिले. घटस्फोट झालेल्यांचे लग्नाचे फोटो असतील तर ज्यांचे आहेत त्यांना विचारा, मनाने फाडू नका आणि कात्रीने एका बाजूचं माणूस कापूही नका, तसले कापलेले फोटो फार भयाण दिसतात.

फोटो कधीचा आहे ते कळत नसेल तर तो उलटा करा. स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता वाचा, सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १९७२ नंतरचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, त्याआधी नुसतं मुंबई २८, पुणे २ असं लिहायचे. कागदामागे आग्फा-गेवर्ट असं जोडनाव छापलेलं असेल तर १९६४ नंतरचा, त्या साली त्या दोन कंपन्या एक झाल्या. समोरच्या बाजूने बघायचं तर मुंबईकडच्या घरात टीव्ही दिसला की १९७२ च्या ऑक्टोबरनंतरचा, मुंबई दूरदर्शन तेव्हा सुरू झालं. चेतक स्कूटरही १९७२ पासूनची. गाडीची नंबरप्लेट एमएच-०४ अशा पद्धतीची असेल तर १९८९ च्या आधीचा असूच शकत नाही. चौकोनी लहान काळेपांढरे फोटो असतील तर बहुधा आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यातले, त्यात १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो यायचे आणि बरेचदा निगेटिव्हच्याच आकाराचे छापून मिळायचे. नव्वदीतल्या फोटोंवर कोपऱ्यात नारिंगी तारीख असते, तिच्यावर मात्र विश्वास ठेवू नका, आमच्या कॅमेऱ्यात सेल बदलल्यावर कुणी तारीख लावायचंच नाही, त्यामुळे माझी दहावीची पार्टी १९८७ साली झालेली दिसते, मी तेव्हा सहा वर्षांची होते.

आणि आता ती हळहळ. लॅबची पाकिटं. पिवळी, लाल, हिरवी, फाटकी, मी पहिल्याच दिवशी फोटो बाहेर काढून पाकिटांचा ढीग कचऱ्यात दिला. दुसऱ्या सूटकेसमधली पाकिटं बघितल्यावर कळलं की प्रत्येकावर बाबांनी बॉलपेनने लिहून ठेवलंय, तारीख, कुणाचं काय, किती कॉप्या कुणाला द्यायच्या, आणि त्यांचं ते अक्षर. पहिल्या सूटकेसमधलं ते सगळं गेलं. तर पाकीट फेकायच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि मगच आत हात घाला.

फोटो खराब झालेत म्हणून टाकायचे का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. लोकांना वाटतं काळेपांढरे जुने म्हणजे ते आधी खराब होणार. उलट आहे. नीट धुतलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोतलं चित्र चांदीच्या कणांचं असतं, तो सत्तर-ऐंशी वर्षं आरामात टिकतो, फार तर कडेने आरशासारखी चमक येते किंवा पिवळा पडतो. मरतात ते सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो. त्यातला निळसर रंग आधी उडतो, अंधारात पेटीत ठेवले तरी उडतो, म्हणून तुमच्या बारशाच्या फोटोत सगळे लालबुंद दिसतात. तेव्हा स्कॅन करताना आधी ते रंगीत घ्या, पणजोबा थांबतील. लाल झालेला फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी दुरुस्त होतो त्यामुळे रंग गेला एवढ्यासाठी टाकू नका.

बुरशी लागली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओला झाला की मऊ होतो आणि चित्रच फडक्याला येतं. सावलीत पंख्याखाली सुकवा, मग मास्क लावून मऊ ब्रशने हलकेच झटका, आणि हे घराबाहेर करा. दोन फोटो एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नका. जे दिसतंय ते आधी स्कॅन करा, मग स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास ठेवून आपोआप सुटतात का बघा, आधी बिनमहत्त्वाच्या जोडीवर करून बघा. घरच्या प्रिंटरवर छापलेल्यांना पाणी दाखवायचं नाही, शाई वाहून जाते. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या मामेबहिणीचे अल्बम दीड दिवस पाण्यात होते, तिने घाईने गठ्ठाच्या गठ्ठा उन्हात टाकला आणि त्याची वीट झाली. ओले असतानाच वेगळे करायला हवे होते, स्वच्छ पाण्यातून काढून चित्राची बाजू वर करून एकेक पसरायचे, आणि तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, मग सवडीने थोडे थोडे. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो काढायचा प्रयत्नच करू नका, काचेसकट स्कॅन करा.

ते चिकट पानांचे अल्बम, वर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद असलेले, सगळ्यांकडे आहेत, ते सगळ्यात वाईट. त्यांचा गोंद फोटोच्या पाठीत मुरतो. त्यातून ठेवायचे फोटो काढाच. दातांना वापरतात तो फ्लॉसचा दोरा घ्या, फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा सावकाश पुढेमागे ओढत न्या. निघत नसेल तर पान कापून फोटो तसाच ठेवा. काळ्या जाड कागदाचे, कोपरे लावून फोटो अडकवलेले जुने अल्बम मात्र मोडू नका, ते अख्खे ठेवा, कुणी कुठला फोटो कुठल्या शेजारी लावला यातही काहीतरी असतं आणि खाली पांढऱ्या शाईत नावं असतात.

निगेटिव्ह टाकायच्या नाहीत असं सगळे सांगतात. माझं मत जरा वेगळं आहे. ठेवलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह ठेवा, फोटो लाल झाला तरी निगेटिव्हमधून बरेचदा चांगला निघतो, आणि उटीच्या तळ्याच्या अकरा निगेटिव्ह टाकून द्या की. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती फिल्म कुजायला लागलीय, तिला बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा आणि आधी तीच स्कॅन करा.

स्कॅनिंगचं थोडक्यात. ठेवायच्या फोटोंना साधा फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके), लहान चौकोनी फोटो असतील तर १२००. जाऊ द्यायच्यांना ३०० पुरे किंवा मोबाईलवरचं फोटोस्कॅन ॲप, त्यात चकाकी कमी येते. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये जुने फोटो घालू नका. बाहेर देणार असाल तर आधी टाकाऊ वीस देऊन बघा, मी एका दुकानात १५० दिले, त्याने कोपरे दुमडून परत दिले आणि क्रम सगळा पिसला. फाईलचं नाव वर्ष, प्रसंग, माणसं असं द्या, आयएमजी आठशे बारा असं ठेवलंत तर पेटीतला पसारा कॉम्प्युटरवर नेला एवढंच. एक कॉपी हार्डडिस्कवर, एक क्लाऊडवर, एक भावाकडे. नुसत्या पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते फोटो दाबून लहान करतं.

ठेवलेल्या प्रत्येकाच्या मागे नाव लिहायचंच. जुन्या कागदी पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे न पसरणारं बारीक मार्कर पेन आणि वाळल्याशिवाय गठ्ठा करायचा नाही. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला वळ उठतात. आणि "आई" असं लिहू नका हो, कुणाची आई? आमच्या पेटीत "आई, नाशिक" लिहिलेले तीन फोटो आहेत, तीन वेगळ्या बायका. पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव.

लॅमिनेशन अजिबात करू नका. हे मी ओरडून सांगतेय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे चाळीस रुपयांत होतं म्हणून लोक आजोबांचा एकमेव फोटो नेतात, गरम होऊन चिकटलेलं ते प्लॅस्टिक परत निघत नाही. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर, रबरबँड हेही नको, रबर वितळून फोटोला बसतं. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात टाकू नका. साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात घालून पुठ्ठ्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात, मऊ जाडसर प्लॅस्टिकचे वासाचे कव्हर टाळायचे, आणि डबा माळ्यावर किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या कपाटात नाही, रोजच्या वापरातल्या कपाटात, मधल्या कप्प्यात. पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून कसर-वाळवी बघायची.

टाकायचे कसे. जाळायचे नाहीत, रंगीत फोटोच्या कागदाला प्लॅस्टिकचा थर असतो, घाण धूर होतो. रद्दीवाला घेत नाही, त्याच थरामुळे. अख्खे टाकू नका, चेहरे दिसतील असे तर नाहीच, लहान मुलांच्या आंघोळीचे फोटो तर बारीक कापा. मी टीव्ही बघता बघता कात्रीने चार तुकडे करायचे, रोज शंभरेक, आणि सुक्या कचऱ्यात थोडे थोडे. शाळेच्या गॅदरिंगचे, गिरणीच्या युनियनचे, गावच्या जत्रेचे, जुन्या बाजारपेठेचे फोटो असतील तर कापायच्या आधी शाळेला, गावच्या वाचनालयाला विचारा. इंडियन मेमरी प्रोजेक्ट म्हणून एक आहे २०१० पासून, ते घरगुती फोटो त्यामागच्या गोष्टीसकट ऑनलाइन मांडतात, तेही बघा.

वाटणीवरून भांडण होणारच. आम्ही ठेवलेले ३४० टेबलावर पसरले आणि पत्त्यांसारखं आळीपाळीने एकेक उचललं, ज्याने उचलला त्याला मूळ फोटो, दुसऱ्याला स्कॅन. भावाने पहिला कुठला उचलावा, तर माझ्या बाहुलीचा. मी त्याचा शाळेतून पळून आलेला रडका उचलला.

चौथा खोका अजून माझ्या पलंगाखाली आहे, त्यात १९ उरलेत ज्यांची ओळख आत्यालाही पटली नाही. त्यावर मी तारीख टाकलीय, दिवाळीला तिचे दोन चुलत दीर येणारेत, त्यांना दाखवायचे आणि त्यांनीही मान हलवली की सगळे जाणार. फक्त एक फेटेवाला आहे, हातात काठी, बाजूला बैल, तो मी ठेवणार बहुतेक. कोण आहे काही पत्ता नाही पण मिशा फार भारी आहेत.